तीन बोटं, पन्नासची सिरिंज आणि डिस्चार्जनंतरचे दिवस

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला फॉलोअपला आल्यावर सिस्टर एक साधी गोष्ट करायला सांगतात. मधली तीन बोटं जुळवायची, उभी धरायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं स्वतःच्या तोंडात बसतात. दोन बसली तर जेवण होतं, पण घास लहान करावा लागतो. एकच बसलं तर ब्रश आत जात नाही, दातांच्या डॉक्टरांचं हत्यार जात नाही, आणि टॉर्च मारूनही आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. दातांच्या कडांमधलं अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं की त्याला ट्रिसमस म्हणतात. मराठीत सांगायचं तर जबडा आखडला.

कॅन्सर गेला की नाही ते तपासणी आणि स्कॅन सांगतं. त्या माणसाला वरण-भात खाता येतो का, फोनवर ‘हॅलो’ म्हटलेलं पलीकडच्याला कळतं का, हात वर करून शर्ट घालता येतो का, हे स्कॅनमध्ये उमटत नाही. ते ठरतं बारीकसारीक, रोजच्या, कंटाळवाण्या कामांवर. ही सगळी कामं नर्सिंगची, आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाईल, गोळ्या आणि खाली थांबलेली गाडी यांच्या गडबडीत ती दहा मिनिटांत ‘समजावून सांगितली’ जातात. पुढचे सहा महिने ती करणार असते घरातली बायको, सून नाहीतर मुलगी.

कॅन्सर अनेक अवयवांचा होतो आणि प्रत्येकाची नंतरची तऱ्हा वेगळी. इथे फक्त तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहितो आहोत, कारण भारतातल्या पुरुषांमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना, मावा, विदर्भातला खर्रा आणि बायकांची मशेरी यांनी त्याची जागा रिकामी राहू दिलेली नाही.

आधी शरीरात काय बदललेलं असतं ते बघू. गालाचा, जिभेचा किंवा जबड्याचा रोगट भाग काढलेला असतो. मानेतल्या गाठी काढलेल्या असतात. रिकामी जागा भरायला छातीवरचं, मांडीचं किंवा हाताचं मांस-कातडं लावतात, त्याला फ्लॅप म्हणतात. जबड्याचं हाड गेलं असेल तर पायाचं बारीक हाड आणून प्लेटने बसवतात. गरज असेल तर जखम भरल्यावर रेडिएशन, साधारण ३० बैठका, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. कित्येक घरांत याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, आणि शब्दामुळे गैरसमज होतो: शेक म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे थंड लेप, म्हणून कोणी चंदन लावतं, कोणी हळद, कोणी लोणी. लाईट चालू असताना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमाखेरीज त्या कातडीवर काहीच लावायचं नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, सैल सुती कॉलर. दाढी करायचीच तर ट्रिमरने, ब्लेडने नको. मशीनने बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठत नाही. नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, आणि ताट-वाटी वेगळी काढायचंही कारण नाही.

आता नाकातली नळी, म्हणजे राईल्स ट्यूब. डिस्चार्जच्या वेळी कित्येक पेशंट ही नळी घेऊनच घरी जातात आणि घरच्यांची झोप सर्वांत आधी हीच उडवते. मोठ्या माणसाला साधारण १४ किंवा १६ नंबरची नळी असते. नाकपुडीपाशी नळीवर जिथे खूण असते तो आकडा घरी पोचल्याबरोबर वहीत लिहून ठेवायचा. खूण नसेल तर न पुसणाऱ्या पेनाने करून घ्यायची, तीही दवाखान्यातच. प्रत्येक फीडच्या, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ अन्नाच्या, आधी ती खूण बघायची. खूण बाहेर सरकलेली दिसली, खोकल्याची उबळ आली, बोलताना आवाज बदलला किंवा उघड्या तोंडात नळीचं वेटोळं दिसलं, तर फीड द्यायचं नाही. सिरिंजने हवा मारून पोटावर कान लावायची जुनी पद्धत अजून चालते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

फीड देताना पेशंट बसलेला हवा. बसवत नसेल तर पाठीला उशा लावून निदान ३० ते ४५ अंशांचा उतार, आणि फीडनंतर अर्धा ते एक तास तसंच ठेवायचं. आडवं झोपवून दिलेलं फीड उलटून श्वासनलिकेत उतरतं, आणि मग ‘काही नाही, जरा ताप आहे’ असं म्हणता म्हणता न्यूमोनिया होतो. पन्नास मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. नळी चिमटून धरा, सिरिंजचं तोंड जोडा, आधी ३० मिली पाणी, मग फीड, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सिरिंज पोटाच्या पातळीपासून वीत-दीड वीत उंच धरली की फीड आपल्या वजनाने उतरतं. २५० मिली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. घाईत दट्ट्याने ढकललं की पोट फुगतं, उलटी होते, जुलाब लागतात. आणि मग दोष मात्र दुधाला दिला जातो.

नळीतून काय द्यायचं, यावर घरोघरी चुका होतात त्या दोन टोकांच्या. एकीकडे वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, शहाळं आणि मोसंबीचा रस; पेशंट दिवसाला दोन लिटर पितो आणि महिन्यात सहा किलोने उतरतो. दुसरीकडे मिक्सरमधून काढलेली भाजी-पोळी, जिने नळी दुसऱ्याच दिवशी तुंबते. हिशेब असा धरा: ६० किलोच्या माणसाला रोज १८०० ते २१०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका फीडमध्ये २०० मिली गाईचं दूध, २० ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवून, दोन चमचे साखर आणि एक चमचा तेल घातलं तर २८० च्या आसपास कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसातून सात वेळा दिलं की कॅलरी भागतात, पण प्रथिनं ५५ च्या पुढे जात नाहीत. ती तूट भरायला रोज तीन उकडलेली अंडी फीडमध्ये वाटून घालायची, किंवा अंडं चालत नसेल तर ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर सात फीडमध्ये विभागून. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या, साखर तर आधीच बाजूला ठेवा.

नाचणीची एक खोड आहे. साध्या पिठाची खीर गरम असताना पातळ वाटते आणि नळीत उतरता उतरता गार होऊन घट्ट बसते. उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता: नाचणीला मोड आणायचे, सावलीत सुकवायचे, किंचित भाजून दळायचं. मोड येताना तयार होणारं एन्झाइम स्टार्च फोडतं, त्यामुळे तेवढंच पीठ घालूनही खीर पातळ राहते. वाटी तीच, ताकद तीच, नळी मोकळी. काहीही असो, फीड बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळल्याशिवाय सिरिंजमध्ये जाता कामा नये. बाहेर ठेवलेलं फीड उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवायचं, फ्रीजमधलं चोवीस तासांत, आणि देताना कोमट करून.

गोळ्या फीडमध्ये मिसळायच्या नाहीत. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, १५-२० मिली पाण्यात विरघळवून, मध्ये पाणी सोडत द्यायची. काही गोळ्या कुटायच्याच नसतात. नावापुढे एसआर, ईआर असं काही लिहिलेल्या गोळ्यांचं औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी रचना असते, कुटली की एकदम सगळा डोस पोटात. अशी गोळी असेल तर तिच्याऐवजी पातळ औषध मिळेल का, ते डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा. नळी तुंबलीच तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करत राहा. जोर लावायचा नाही, तार तर अजिबात घालायची नाही. काही घरांत कोल्ड्रिंक ओततात, त्यातल्या आम्लाने दूध आणखी नासून गुठळ्या होतात.

रात्री झोपेत नळी ओढून निघाली, हे हमखास एकदा तरी घडतं. निघालेली नळी घरी परत घालू नका, शेजारचे कंपाउंडर कितीही आत्मविश्वासाने म्हणाले तरी नाही. तोंडात-घशात टाके आहेत, कच्ची जखम आहे. नळी कुठे घुसेल सांगता येत नाही. एक फीड चुकलं तर काही बिघडत नाही. सकाळी ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे जा किंवा तिथे फोन करून विचारा. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला, नळी नाकपुडीच्या एकाच कडेला दाबत राहिली तर तिथे व्रण पडतो.

तोंडाची स्वच्छता. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा वेगळा, तो घातक. डब्यावर नाव लिहून ठेवा. या पाण्याने जागेपणी दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर गुळण्या. रोज ताजं बनवायचं. अल्कोहोलवालं, झणझणीत माउथवॉश कपाटात राहू द्या. ज्यांना गुळणी धरता येत नाही, ओठ मिटत नाहीत, त्यांच्या तोंडात सिरिंजने हळू पाणी सोडून बेसिनवर वाकवून बाहेर घ्यायचं.

आणि फ्लॅप. हा तोंडातला उपरा पाहुणा. त्याला बराच काळ, कधी कायमच, संवेदना नसते. चहा गरम आहे हे गालाला कळत नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड बघून कळतं. म्हणून पहिला घोट नेहमी चांगल्या बाजूने, किंवा कप आधी मनगटाला लावून. अन्न फ्लॅपच्या खाचेत साठतं आणि पेशंटला पत्ता नसतो. वास मात्र इतरांना येतो आणि माणूस हळूहळू लोकांत बसायचं टाळू लागतो. बोटाला ओलं गॉज गुंडाळून, प्रत्येक जेवणानंतर, मागून पुढे असं पुसून काढायचं. छातीवरचं कातडं लावलेल्या पुरुषांच्या तोंडात केस उगवू शकतात. याबद्दल कोणी आधी सांगत नाही, आणि पेशंट लाजेने विचारत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रेडिएशननंतर बहुतेकांचे कमी होतात. उरले तर फॉलोअपला कापून देतात. घरी आरशात बघून कात्री चालवू नये.

आता पुन्हा ती तीन बोटं. जबडा आखडण्याचं कारण दुहेरी असतं. ऑपरेशनचा व्रण आवळतो, आणि रेडिएशनने चावायचे स्नायू दोरीसारखे घट्ट होत जातात. सुपारी-खर्रा खाणाऱ्यांचा तर कॅन्सरच्या आधीच गाल आतून पांढरा, कडक झालेला असतो. ही आवळण्याची क्रिया लाईट संपल्यावर थांबत नाही. महिनोन्‌महिने, काहींच्यात वर्षानुवर्षं चालू राहते. म्हणून व्यायाम हा ‘बरं होईपर्यंत’चा नसतो.

साधन अगदी स्वस्त: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एका काडीची जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर. स्वच्छ, गुळगुळीत काड्या घ्या. सुरुवातीला सहज बसतील तेवढ्या काड्या चांगल्या बाजूच्या दाढांमध्ये चपट्या बाजूने एकावर एक ठेवायच्या. मग जुडीच्या मधोमध आणखी एक काडी हळू सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी यायला नको. ३० सेकंद धरा, सोडा, पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून पाच वेळा. दर आठवड्याला एक काडी वाढली तरी उत्तम चाललंय. वहीत तारीख आणि काड्यांचा आकडा लिहायचा. जुडी वापरून झाल्यावर धुऊन वाळवायची, लाकूड काळं पडलं की फेकून नवीन. पुढच्या सुट्या, हलणाऱ्या दातांवर जोर देऊ नका. जबड्यात हाड-प्लेट बसवली असेल तर कधीपासून आणि किती जोराने, हे सर्जनकडून ठरवून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

बिघडतं कुठे? लाईटच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तोंड सोललेलं असतं, थुंकी गिळवत नाही, अशा वेळी काडी घाल म्हणणारी बायको शत्रू वाटते. व्यायाम बंद होतो तो ‘जरा बरं वाटलं की’ या बोलीवर, आणि बरं वाटेपर्यंत पाच मिलिमीटर गेलेले असतात. त्या दिवसांत वेदनेची गोळी अर्धा तास आधी द्या आणि जोर कमी करा, पण वेळा मोडू नका. गेलेलं परत मिळवणं फार कष्टाचं असतं. आणखी एक: व्यायाम नीट चालू असताना काड्यांचा आकडा अचानक दोन आठवड्यांत घसरला तर ती आळसाची खूण समजू नका. रोग परत येताना कधी कधी पहिली चाहूल हीच असते. वहीतला आकडा डॉक्टरांना दाखवा.

गिळण्याचंही तसंच, वापरलं नाही की स्नायू विसरतात. डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर नळी असतानाही दिवसातून काही घोट तोंडाने घ्यावेत. लोकांना वाटतं पाणी सर्वांत सोपं. प्रत्यक्षात पाणी सुळकन घसरून श्वासनलिकेकडे जातं. दाटसर पेज, मऊ दही, खिमट यांच्यावर ताबा राहतो. सरळ बसा, हनुवटी किंचित छातीकडे, छोटा घोट, गिळा, तोंड रिकामं असलं तरी पुन्हा एकदा गिळा, आणि मगच बोला. जेवताना टीव्ही नको, गप्पा नकोत. प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल तर थांबा आणि दाखवा.

लाळेचं काय होतं ते फार कमी लोकांना माहीत असतं. रेडिएशनने लाळग्रंथी मार खातात आणि तोंड कोरडं पडतं, कित्येकांचं कायमचं. खिशात पाण्याची बाटली हवीच. कोरड्या तोंडात दात भराभर किडतात. लाळ सुटावी म्हणून चिंच, आवळा सुपारी, लिमलेटच्या गोळ्या चघळत राहणाऱ्यांचे तर वर्षभरात हिरड्यांपाशी काळे होऊन मोडतात. दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि दंतवैद्यांनी दिलं तर फ्लोराइडचं जेल. पण खरी धोक्याची जागा पुढे आहे. रेडिएशन मिळालेल्या खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथली दाढ उपटली तर जखम भरतच नाही, हाड उघडं पडून कुजतं. हा धोका दहा वर्षांनीही असतो. म्हणून खराब दात लाईट सुरू व्हायच्या आधीच काढतात, आणि नंतर गल्लीतल्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेलात तर तोंड उघडण्याआधी सांगायचं: इथे रेडिएशन झालंय, आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपटू नका. फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

मानेतल्या गाठी काढताना खांद्याला जाणारी नस ताणली जाते, कधी कापावी लागते. मग खांदा खाली झुकतो, हात बाजूने वर जात नाही. पुरुष लोकलचं हँडल धरताना अडतो, बाई वेणी घालताना. घरचे म्हणतात ‘ऑपरेशन तोंडाचं, हात कसा दुखतो?’ ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघून परवानगी मिळाली की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत ‘चढायची’, पोचलं तिथे पेन्सिलची खूण. आरशासमोर दोन्ही खांदे सारखे उचलायचे. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसताना हाताखाली उशी. त्या खांद्यावर पिशवी नको, बादली त्या हाताने नको. नस नुसती ताणली असेल तर काही महिन्यांत ताकद येते. तोवर सांधा मोकळा ठेवला नाही तर नस बरी होऊनही खांदा गोठलेला राहतो.

हनुवटीखाली सकाळी दिसणारी सूज बहुधा लसिकेची (लिम्फ नावाच्या पाण्याची) असते, दिवसभरात उतरते. उशाशी उंची द्या. नवीन, कडक, न उतरणारी गाठ मात्र वेगळी.

थायरॉइड विसरलं जातं. मानेला लाईट दिल्यावर ती ग्रंथी हळूहळू मंदावू शकते. माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, बोलेनासा होतो, आणि सगळे म्हणतात कॅन्सरने खचला. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची रक्ततपासणी करायची. कमतरता असेल तर रोजच्या एका गोळीने भागतं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालेल्यांनी कानात शिट्टी वाजते का, ऐकू कमी येतं का, याकडे लक्ष ठेवावं आणि दुखीवरच्या गोळ्या किडनीच्या हिशेबाने, विचारूनच घ्याव्यात.

खचणं हेही खरं असतं. चेहरा बदलतो, बोलणं बदलतं, लग्नाच्या पंगतीत लाळ गळेल म्हणून माणूस जात नाही. डोक्याच्या-मानेच्या कॅन्सरमधून वाचलेल्यांत आत्महत्येचा धोका जास्त असतो. ‘जीव नकोसा होतो का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

तंबाखूबद्दल घरात एकदाच भांडण होतं आणि मग सगळे धरून चालतात की सुटली. ज्या तंबाखूने गालाच्या एका कोपऱ्यात कॅन्सर केला तिने उरलेलं तोंडही वर्षानुवर्षं भिजवलेलं असतं. चालू ठेवली तर दुसरा कॅन्सर नव्या जागी उगवतो. बायकांना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या मते खरंच असतं. चांगल्या सिस्टर विचारतात, ‘दात कशाने घासता?’ मग मशेरीचा डबा बाहेर येतो. आखडलेल्या जबड्याला निकोटिनचं च्युइंगगम चघळणं जमत नाही, पॅच मिळतो का ते विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत सरकारी लाईन आहे.

नर्सिंग ब्युरोतून माणूस ठेवायची वेळ आली तर एक खुलासा. ‘सिस्टर’ म्हणून येणारी प्रत्येक बाई नर्स नसते. आंघोळ, कपडे, फिरवणं यासाठी अनुभवी मावशी पुरेशा असतात आणि कित्येकदा त्या फार प्रेमाने करतात. पण नळी, गळ्यातली श्वासाची नळी, जखमेचं ड्रेसिंग असेल तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलची नोंदणी असलेली नर्स हवी. नोंदणी बघायला मागण्यात अपमान काही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात काय होतं. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला घरच्यांचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी सिस्टरना सांगा, ‘मी करते, तुम्ही बघा.’ घरी जी फीड देणार आहे तिने, तिच्याच हाताने, किमान दोन फीड सिस्टरच्या देखत द्यायची. गॉज फिरवायचं. काडी धरायची. चार गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: नळीवरचा आकडा, आजच्या काड्यांचा आकडा, टाके कधी काढायचे, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर कोणता नंबर. त्या कागदावर शेवटची ओळ अशी हवी: तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून लालभडक रक्त आलं, थोडंसं येऊन थांबलं तरीही, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि लगेच निघा.

फॉलोअपचं वेळापत्रक साधारण असं असतं: पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ, मग वर्षातून एकदा. रोग उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तेव्हा जवळजवळच्या तारखा. मध्येच दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण, मानेत गाठ, एकाच कानात ठणका, नव्याने हलणारा दात दिसला तर तारखेची वाट बघायची नाही. परळला टाटाला किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या दवाखान्यात गावाहून जाणाऱ्यांनी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह घ्यावा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी आणि तपासणीसाठीही स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. जातानाच्या पिशवीत फाईल, पाण्याची बाटली, रुमाल, गाळलेल्या फीडचा थर्मास आणि ती वही. डॉक्टरांकडे मिळतात पाच मिनिटं. वही काड्यांच्या पानावर उघडून टेबलावर ठेवा.